गव्हाणी घुबडाची निष्ठा

घुबडांच्या जोडीविषयी एक गोड समज हल्ली वारंवार वाचायला मिळतो. घुबडे एकदाच जोडीदार निवडतात, जन्मभर त्याच्याशी एकनिष्ठ राहतात आणि तो गेला की झुरून मरतात, असा तो समज आहे. ज्या पक्ष्याला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशुभ ठरवले गेले, त्याच्याविषयी कोणी आपुलकीने लिहीत आहे याचा मला आनंदच वाटतो. मात्र गव्हाणी घुबडाचे प्रत्यक्ष जीवन या गोष्टीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे आहे, आणि निष्ठेविषयी त्याच्याकडून काही शिकायचे असेल तर ती गुंतागुंत वगळून चालणार नाही, असे माझे मत आहे.

जुने वाडे, देवळांची शिखरे, किल्ल्यांचे बुरूज आणि धान्याची गोदामे ही या घुबडाची आपल्याकडील घरे आहेत. त्याचा बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा आवाज गोळा करून कानांपर्यंत पोहोचवतो. दोन्ही कानांची रचना एकसारखी नसून एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो. त्यामुळे गवतातली खसखस डावी-उजवीकडून आली की वरून-खालून, हे त्याला कळते आणि मिट्ट काळोखातही केवळ आवाजावरून उंदीर पकडता येतो. पंखांच्या पुढच्या कडेला दातेरी झालर असल्याने त्याचे उडणे जवळजवळ निःशब्द असते. हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की या घुबडाची निष्ठा, ती जेथे दिसते तेथे, याच शिकारीच्या रूपाने दिसते.

मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. सुमारे महिनाभर ती घरटे क्वचितच सोडते. पिल्ले बाहेर आल्यावरही त्यांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नसल्याने पहिले काही आठवडे तिला त्यांच्याजवळच राहावे लागते. या संपूर्ण काळात तिचे आणि पिल्लांचे पोट नराच्या शिकारीवर अवलंबून असते. तो भक्ष्य आणून देतो आणि ती त्याचे लहान तुकडे करून पिल्लांना भरवते. एखादी रात्रही त्याला चुकवता येत नाही, आणि पावसाच्या रात्री, जेव्हा थेंबांच्या आवाजात उंदराची चाहूल बुडून जाते आणि पिसेही भिजतात, तेव्हा हे काम अतिशय कठीण होते.

जोडीदाराशी असलेल्या निष्ठेचा सर्वांत तपशीलवार अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये झाला आहे. लोझान विद्यापीठातील अलेक्सांद्र रूलँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील शेतांवरच्या कोठारांत पेट्या बसवून अनेक वर्षे या घुबडांच्या जोड्यांच्या नोंदी ठेवल्या. पिल्लांच्या जनुकीय तपासणीत परक्या नराचे पिल्लू सापडणे ही अत्यंत विरळ बाब ठरली. पुष्कळ गाणाऱ्या पक्ष्यांत असे परके पितृत्व सर्रास आढळते, हे लक्षात घेतले तर ही मोठीच गोष्ट आहे. परंतु त्याच नोंदींतून असेही दिसले की जवळपास चौथा हिस्सा जोड्या दोन्ही जोडीदार जिवंत असताना मोडतात, आणि ज्यांची वीण नीट साधली नाही अशा जोड्यांत हे अधिक घडते. काही माद्या तर पहिली पिल्ले थोडी मोठी होताच ती नरावर सोपवून दुसऱ्या नराबरोबर त्याच हंगामात दुसरी वीण घालतात. मागे राहिलेला नर एकट्याने शिकार करून पिल्लांना वाढवत राहतो. या माद्यांना बेइमान म्हणण्याचा मोह मला चुकीचा वाटतो. रानात यांचे आयुष्य बहुधा काही वर्षांचेच असते, बरीच पिल्ले पहिल्याच वर्षी मरतात, आणि ज्या वर्षी उंदीर विपुल असतात त्या वर्षाची संधी पुन्हा येईलच असे नसते.

मला मात्र सर्वाधिक थक्क करते ते भावंडांचे वागणे. अंडी अंतराने उबत असल्याने घरट्यातले सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान पिल्लू यांच्यात कधीकधी दोन आठवड्यांहूनही अधिक अंतर असते. अनेक शिकारी पक्ष्यांत असे थोरले पिल्लू धाकट्याला टोचून मारते. गव्हाणी घुबडाची पिल्ले आईबाप बाहेर गेलेले असताना आपापसांत आवाज देत राहतात. ज्याला अधिक भूक असते ते अधिक वेळा आणि अधिक लांब ओरडते, आणि इतर पिल्ले त्याच्यापुढे गप्प होऊन पुढच्या घासावरचा हक्क त्याला सोडतात. याहून पुढची गोष्ट म्हणजे थोरली पिल्ले स्वतःला मिळालेला उंदीर धाकट्यांना देतात. भुकेल्या भावंडाला, तसेच आपली पिसे चोचीने साफ करून देणाऱ्या भावंडाला ती झुकते माप देतात, असे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्यात देवाणघेवाणीचा हिशेब आहे, म्हणून त्याचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. आपल्या घरांतही माया आणि परतफेड कुठे वेगळ्या करता येतात?

युरोपातील हे आकडे आपल्याकडील गव्हाणी घुबडांना जसेच्या तसे लावू नयेत, कारण येथील हवामान, भक्ष्य आणि विणीचा काळ वेगळा आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. सोयीची पोकळी सापडली की ही घुबडे ती सहसा सोडत नाहीत, आणि एकच जागा अनेक वर्षे वापरात राहते. त्यांच्या या जागेवरील निष्ठेमुळेच वाडा पाडताना किंवा देवळाच्या जीर्णोद्धारात शिखराचे कोनाडे बुजवताना पिल्ले आत सापडतात. पोकळी बुजवण्यापूर्वी आत पिल्ले नाहीत ना, हे एकदा पाहावे, असल्यास ती उडून जाईपर्यंत काम थांबवावे, आणि जवळच्या उंच, शांत जागी एक प्रशस्त लाकडी पेटी बसवावी. अशा पेट्यांत गव्हाणी घुबडे आनंदाने घरटी करतात, हे स्वित्झर्लंडप्रमाणेच इस्रायलमधील शेतांवरही सिद्ध झाले आहे, आणि तेथील शेतकरी उंदीर आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना मुद्दाम बोलावतात.