खड्ड्यांचं विचारलंत म्हणून

मी ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर, म्हणजे गाडीची बॉडी आणि चाकामध्ये स्वतः जोर लावून हादरे कमी करणाऱ्या यंत्रणेवर, संशोधन करते असं कळलं की लग्नाच्या पंगतीतही प्रश्न ठरलेला: "मग आमच्या गाडीला खड्डे लागायचे कधी थांबणार?" पाठोपाठ, "त्यापेक्षा रस्तेच नीट केले तर?" करा की. मी कुठे अडवलंय?

बॉडी आणि चाकाच्या मध्ये मोटर लावा, पंप लावा, कितीही हुशार कंट्रोलर लावा. तो बॉडीला जेवढं वर ढकलेल तेवढंच चाकाला खाली. म्हणून चाक थडथडतं त्या दहा-बारा हर्ट्झच्या (सेकंदाला दहा-बारा हेलकाव्यांच्या) आसपास एक बिंदू असा येतो, जिथे बॉडीला किती हादरा बसणार हे टायरचा ताठपणा आणि बॉडीचं वजनच ठरवतं. माझं तिथे काही चालत नाही. आणि खड्ड्याच्या कडेचा दणका त्या पट्ट्यातही असतोच. पैसे ओतून हे गणित हलत नाही.

एक हर्ट्झच्या आसपासचं डोलणं मात्र आम्ही खरंच मारतो. कारनॉप या अभियंत्यानं आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये 'स्कायहूक' मांडलं: शॉकअपचं वरचं टोक जणू आभाळाला टांगलंय असं धरून बॉडी स्थिर ठेवायची. आमची चाचणीची गाडी याच नियमावर होती. प्रायोजक कंपनीची माणसं लॅपटॉपभोवती जमलेली, आलेख देखणे. फेरी मारून टेस्ट ड्रायव्हर उतरले. केस पिकलेले, बोलणं कमी. म्हणाले, "मॅडम, झोप लागेल इतकी मऊ आहे. पण वळणावर चाक रस्त्याला आहे की नाही, तेच कळत नाही."

कुणीतरी हसलं. मी टायरवरच्या भाराचा आलेख उघडला. ड्रायव्हरना पार्श्वभागाला जे कळलं होतं, तेच त्यात होतं. बॉडी शांत केली की चाक मोकाट सुटतं. यात नवीन काही नाही, मी हे फळ्यावर शिकवते. कंपनीनं आराम मागितला होता, मी आराम दिला. तरीही त्या वाक्यानंतर मला उभं राहणं जड गेलं. कंपनीच्या माणसांनी पुढे किंमत विचारली, आणि मग काहीच विचारलं नाही.

स्पीकरवाल्या बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी 1980 मध्ये ॲक्टिव्ह सस्पेन्शनचं काम हाती घेतलं. 2004 मध्ये त्यांच्या कंपनीनं अडथळ्यावरून उडी मारणारी गाडी दाखवली. ती यंत्रणा जड आणि महाग. बोसच्या नावानं कुठल्याच विकाऊ गाडीत आली नाही. पूर्वी मी हे जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगायचे. आता विद्यार्थी ते सावधगिरीचं म्हणून ऐकतात, आणि मला राग येतो.

हल्ली मी चुंबकीय द्रवाच्या, म्हणजे चुंबकानं घट्ट होणाऱ्या तेलाच्या, शॉकअपवर काम करते. 2002 पासून ते कॅडिलॅक गाड्यांमध्ये आहेत. ते बॉडी उचलत नाहीत, फक्त क्षणात कडक-मऊ होतात; म्हणून वीजही थोडकी लागते. पुढचा रस्ता पाहणारा कॅमेरा जोडला तर खड्ड्याआधी तयारीही करता येते. फक्त जुलैमध्ये खड्डा पाण्यानं काठोकाठ भरलेला असतो, आणि कॅमेऱ्याला तो सपाट रस्ता दिसतो.