फूट, इंच आणि दशांश चिन्ह

सांगलीत पावसाळ्यात दिवसाचा पहिला प्रश्न एकच असतो : आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. वडिलांनी त्या दिवसांत कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने टिपलेली पातळी मी नुकतीच संगणकावर उतरवून घेतली आणि पहिल्याच तासात फसलो. ‘४१ फूट ११ इंच’ हे मी ४१.११ असे भरले, ‘४१ फूट ३ इंच’ हे ४१.३, परिणामी चढते पाणी आलेखात चक्क उतरलेले दिसू लागले.

आकडे असले तरी ते नीट मांडणे हेच खरे काम असते; सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ई-सायन्स इन्स्टिट्यूट या विदाशास्त्राच्या (डेटा सायन्सच्या) संस्थेविषयी मला कुतूहल आहे, ते याच कारणाने. २०१५ मध्ये तेथे सुरू झालेल्या उन्हाळी उपक्रमात विद्यार्थी, विदाशास्त्रज्ञ आणि प्रश्न प्रत्यक्ष हाताळणारी माणसे यांनी दहा आठवडे एकत्र बसून लोकोपयोगी कामे केली. त्यांपैकी एक काम पदपथांच्या माहितीचे होते. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला चढ, उतार आणि कडा माहीत असणे किती आवश्यक आहे, हे त्या डोंगराळ शहरात वेगळे सांगावे लागत नसावे.

आपल्याकडे कोयनेचा विसर्ग, वारणेचे पाणी आणि अलमट्टीचा साठा यांचे आकडे रोज जाहीर होतात, पण ते एका जागी, एका मापात मांडण्याचे कंटाळवाणे काम एखाद्या विद्यापीठाने नेटाने करावे, असे मला वाटते. माझे ४१.११ आता ४१.९२ झाले आहे.