तुम्ही विचारलंत म्हणून: डूम, खो-खो आणि इंपचा खांदा

ऑफिसातली पोरं विचारतात, "मॅडम, तुम्ही खरंच डूम खेळता?" गणपतीला जमलेल्या जावा-नणंदा विचारतात, "म्हणजे ते धाडधाड गोळ्या घालायचं?" आणि माझी कॉलेजातली भाची, जी स्वतः रोज रात्री मोबाइलवर कुणाकुणाचा खात्मा करत असते, ती विचारते, "मावशी, एवढं जुनाट? त्याची ग्राफिक्स बघ जरा!" थोडक्यात प्रश्न एकच: पन्नाशीकडे झुकलेली, दिवसभर लोकांची रिटर्नं भरणारी बाई १९९३ सालचा गोळीबाराचा खेळ अजून का खेळते? आजवर 'आवडतं बाई' म्हणून वेळ मारून नेली. परवा एकीने न हसता विचारलं, म्हणून आता नीट सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत टेक्सासमध्ये आयडी सॉफ्टवेअर नावाची मूठभर माणसांची कंपनी होती. जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो ही त्यातली दोन ठळक नावं. १० डिसेंबर १९९३ रोजी त्यांनी डूम बाहेर आणला. आपण मंगळाच्या चंद्रावर एकटे, हातात बंदूक, आणि समोर नरकातून आलेले राक्षस. गोष्ट एवढीच आहे आणि ती कुणी वाचत नाही. त्यातल्या तीन भागांपैकी पहिला भाग फुकट होता. नऊ पातळ्यांचा तो भाग खुशाल वाटा, असं कंपनीच सांगायची. उरलेले दोन हवे असतील तर पैसे मोजा.

त्या वाटपातूनच तो सांगलीपर्यंत आला. बारावीनंतरच्या सुट्टीत, १९९६ साली, मी कॉम्प्युटर क्लास लावला होता. डॉस, वर्डस्टार, लोटस. सहा मशीन, मुलं अठरा. कुणाच्या तरी पुण्याच्या चुलतभावाने फ्लॉप्यांवर डूम दिला आणि आठवडाभरात क्लासमधली सगळी कंट्रोल बटणं ढिली झाली, कारण गोळी कंट्रोलने सुटायची. बाणांनी चालायचं, शिफ्ट धरून पळायचं, स्पेसने दार उघडायचं. सरांनी भिंतीवर कागद लावला: 'कंट्रोल बटण जोरात दाबू नये.' डूम खेळू नये असं मात्र त्यावर कुठेच नव्हतं, कारण संध्याकाळी शटर अर्धं ओढून सरही खेळायचे.

मुलं मशीनला चिकटायची आणि मुलींनी मागे उभं राहून बघायचं, अशी पद्धत होती. माझी पाळी आली ती तिसऱ्या दिवशी, लाइट गेल्यावर मुलं चहाला गेली आणि लाइट लगेच परत आला म्हणून. बसले आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्या पायांना काहीतरी ओळखीचं लागलं. पायांना म्हणतेय मी. हाताला नाही.

मी शाळेत खो-खो खेळायचे. सांगलीत हे सांगायला काही विशेष लागत नाही, तिथे दर तिसरी मुलगी खो-खो खेळलेली असते. मी पळतीला बरी होते, पाठलागाला सुमार. आणि पळतीचं मर्म असं आहे की पळणारी मोकळी असते आणि मागे लागलेली बांधलेली. तिने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला उलट फिरता येत नाही. मधली पट्टी ओलांडता येत नाही. आपण मात्र बसलेल्या मुलींच्या मधून साखळी घालत कसंही जाऊ शकतो. म्हणजे पळणारी वाचते ती दमामुळे तर खरीच, पण त्याहून जास्त समोरचीला काय करता येत नाही हे पाठ असल्यामुळे. आमचे क्रीडाशिक्षक ओरडायचे, "तोंडाकडे बघू नका, खांद्याकडे बघा. खांदा वळला की तिची दिशा गेली!"

डूममधले राक्षस नेमके असे बांधलेले आहेत. ते फक्त आठ दिशांना चालतात, मधल्या कोनात त्यांना जाताच येत नाही. त्यातला इंप म्हणून एक तपकिरी, काटेरी प्राणी आहे. तो आगीचा गोळा फेकतो. फेकण्याआधी हात वर नेतो, म्हणजे पुन्हा खांदाच. आणि गोळा सोडतो तो आपण त्या क्षणी जिथे आहोत तिथे. आपण पुढे कुठे असू याचा हिशेब तो करत नाही. शिवाय शिफ्ट दाबून पळणारा माणूस त्या गोळ्यापेक्षा जोरात पळतो! म्हणून इंपसमोर उभं राहिलात तर मार खाल, मागे पळालात तरी गोळा तुमच्याच रेषेत येत राहील. बाजूला दोन पावलं टाकलीत की तो कानाजवळून जातो आणि मागच्या भिंतीवर फुटतो.

नेमाचं म्हणाल तर तो फारसा धरावाच लागत नाही. मूळ डूममध्ये वर-खाली बघताच येत नाही. राक्षस उंच ओट्यावर असला तरी त्याच्या रोखाने तोंड केलं की गोळी आपली आपण वर जाते. उडीसुद्धा नाही. करणाऱ्यांनी खेळाडूकडून इतकं काढून घेतलं की त्याच्याजवळ पळणंच उरलं.

पहिल्याच पातळीतली एक खोली सांगते. हिरव्या सांडपाण्यावरून नागमोडी पूल गेलाय. कठीण पायरीवर खेळत असाल तर पलीकडच्या ओट्यावर इंप उभा असतो. हातात शॉटगन असली तर तिला एका बारानंतर पुन्हा तयार व्हायला जेमतेम एक सेकंद लागतो. तेवढ्या सेकंदात पुलाचं एक वळण होतं. म्हणून ताल असा बसतो: बार, वळण, गोळा कानाजवळून, बार, वळण. तो मनात मोजावा लागत नाही. दहीहंडीच्या ढोलावर पाय हलतो तेव्हा कोण मोजतं?

आणि बंदूकवाले शिपाई असतात, त्यांची गोळी चुकवता येत नाही, सुटली की लागली. त्यांच्यासाठी कोपरा. मग इंप आणि शिपाई एकाच खोलीत असले की डोक्यात सतत हिशेब चालू: कुणापासून मोकळ्यात राहायचं आणि कुणापासून आडोशाला. अशातच शिपायाची गोळी चुकून इंपला लागली तर इंप आपल्याला सोडून शिपायावर उलटतो. हे जमवून आणणं म्हणजे डूममधली चैन. दोघांच्या मधून पळायचं, त्यांची जुंपली की बाजूला उभं राहायचं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

एक गंमत मात्र मला फार उशिरा कळली. सरळ पळण्याचा वेग ५० धरला तर बाजूला सरकण्याचा ४० असतो. दोन्ही बटणं एकदम दाबली तर खेळ एक सोडून दुसरं घेत नाही, दोन्ही घेतो. आणि मग पायथागोरस: ५० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग, त्याचं मूळ सुमारे ६४. म्हणजे तिरकं पळणारा सरळ पळणाऱ्यापेक्षा २८ टक्के जास्त जोरात! करणाऱ्यांच्या हिशेबातली ही फट, आणि घड्याळ लावून खेळणारे तिच्यावर जगतात. पायथागोरसचं प्रमेय मी शाळेत पाठ केलं होतं, ते कुठे वापरायचं असतं हे इथे कळलं.

१९९६ मध्ये त्याच कंपनीचा क्वेक आला, त्यात उड्या आल्या आणि पोरांनी पायाशी रॉकेट फोडून गच्चीवर चढायची विद्या काढली. १९९७ च्या क्वेकच्या एका स्पर्धेत तर डेनिस फाँग नावाच्या मुलाने कारमॅकची स्वतःची फेरारी बक्षीस म्हणून नेली. मी क्वेक इंटरनेटवर एकदा खेळून पाहिला. दहा मिनिटांत इतक्या वेळा मेले की मोजायचं सोडून दिलं. तो भाग आपला नाही.

"मग नवे खेळ का नाही?" हा पुढचा प्रश्न. खेळले की. २००१ साली हेलो आला. त्यात दोनच हत्यारं बाळगता येतात, आणि थोडा वेळ मार चुकवला की अंगावरचं कवच आपोआप भरतं. चांगला खेळ आहे, पण त्याच्यानंतर जो तो हे उचलायला लागला आणि बंदुकीचे खेळ आडोशाचे झाले. लागलं की दगडामागे बसायचं, श्वास घ्यायचा, डोकं काढायचं, पुन्हा बसायचं. डूममध्ये बसून काही भरत नाही. औषधाची छोटी पेटी १० टक्के जीव देते, मोठी २५, निळी बाटली १. आणि ती पेटी हमखास खोलीच्या पलीकडच्या टोकाला असते, मध्ये चार इंप. अंगात १२ उरलेत, म्हणजे आता सगळ्यात जास्त पळायचं. जो मरायला टेकलाय त्यालाच बाहेर काढणारा हा खेळ आहे, आणि मला तो तेवढ्यासाठी प्रामाणिक वाटतो.

आता रक्ताचं. आहे, भरपूर आहे, नाही म्हणून कसं चालेल. १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला, ती डूम खेळायची, म्हणून अमेरिकेत या खेळावर मोठं वादळ उठलं. मी त्या वादात कुणाची बाजू घ्यायला बसलेली नाही. माझ्यापुरतं सांगते: शॉटगनचा तो आवाज मला आवडतो, राक्षस कोसळला की बरं वाटतं, आणि पाचव्या मिनिटानंतर रक्त दिसेनासं होतं, खोलीचा आकार तेवढा दिसतो. भाचीला मात्र बारावी होईपर्यंत मी तो दाखवला नाही. यात विसंगती आहे हे मला कळतं.

"खो-खो का सोडलास मग?" असंही कुणी विचारतं आणि माझ्या गुडघ्याकडे बघतं. गुडघ्याला काही झालेलं नाही. दहावी झाली, एवढंच.

डूमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात खुला केला आणि लोकांनी तो नव्या मशीनवर बसवला, म्हणून तो आजही माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मख्खन चालतो. त्याच धर्तीचे नवेही निघालेत. २०१८ चा डस्क मला फार आवडला. २०२० चा डूम इटर्नल देखणा आहे, पण त्याला इतकी बटणं लागतात की मला पेटीवादन शिकल्यासारखं होतं.

यंदा गणपतीत भाचीने शेवटी लॅपटॉप मागितला. बसली आणि सवयीने लगेच दाराच्या कोपऱ्यात दबून राहिली. वाट बघतेय. "कुणी येतच नाही गं." मी म्हटलं, "शिफ्ट धर आणि निघ." निघाली, सरळ पळाली, मेली. पुन्हा निघाली, मागे पळाली, मेली. "त्याच्या तोंडाकडे बघू नकोस," मी म्हटलं, "खांद्याकडे बघ." तिसऱ्या वेळी इंपचा हात वर जाताना तिला दिसला आणि ती बाजूला झाली. गोळा मागच्या भिंतीवर फुटला. ती खुर्चीत एकदम ताठ बसली.

खाली पानं वाढली होती. ताईने दोनदा हाक मारली. मी "आलोच" म्हणाले. भाची काहीच बोलली नाही, तिचं एक बोट शिफ्टवर होतं.