डन वाचताना: कंपास झाला, पिसू झाली, आता हर्बर्ट

मंडळी, सतराव्या शतकातल्या इंग्रज कवी जॉन डनची 'अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग' ही निरोपाची कविता एकदाची पाठ झाली. चार-चार ओळींची नऊ कडवी. वाटली होती त्याहून सोपी गेली, कारण कविता युक्तिवादासारखी सरकते. आधीचा मुद्दा लक्षात असला की पुढचा आपोआप तोंडी येतो.

सहावं आणि सातवं कडवं शेजारी ठेवून बघा. सहाव्यात तो प्रियेला म्हणतो, आपले जीव मुळात एकच. मी लांब गेलो तरी काही तुटत नाही, सोनं ठोकून वर्ख करावा तसं नुसतं पसरतं. आणि लगेच सातव्यात: बरं, दोन आहेत असं धरू, मग वर्तुळ काढायच्या कंपासचे दोन पाय असतात तसे. डन तरुणपणी लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत कायदा शिकला होता, तो इथे बोलतोय. पहिला मुद्दा पटला नाही तर दुसरा तयार!

मी खरोखरच कंपास घेऊन बसलो. एक पाय रोवलेला. दुसरा लांब जाईल तसा हा त्याच्याकडे झुकतो, तो जवळ आला की ताठ होतो. इथवर चोख. पण नवव्या कडव्यात तोच फिरता पाय वर्तुळ पुरं करून निघाला तिथे पोचतो. म्हणजे आधी घरी येणं म्हणजे पाय मिटणं, नंतर फेरी पुरी होणं. आणि फेरी पुरी करणारा पाय मध्यापासून होता तेवढाच लांब राहतो! भूमितीत हे जुळत नाही. कवितेत मात्र जुळतं, आणि माझ्या मते डनसारख्या त्या काळच्या कवींची खरी चटक इथेच लागते: डोकं हरकत घेत असतं आणि मन केव्हाच मान्य करून बसलेलं असतं.

समीक्षक सॅम्युएल जॉन्सनला ही ओढाताण खपली नव्हती. 1779 मध्ये कवी अब्राहम काउलीच्या चरित्रात त्यानं या कवींना 'मेटाफिजिकल' (अतिभौतिक, तत्त्वचर्चा करणारे) म्हटलं ते कौतुकानं नव्हे.

डनचीच 'द फ्ली' (पिसू) पटकन झाली. दोघांना चावलेल्या पिसवात आपलं रक्त एकत्र आलंच आहे, मग आता लाजायचं कशाला, हा त्याचा दावा. गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे: तिथे ती पिसू चिरडते. आपल्याला कळतं ते त्याच्या तक्रारीवरून. तिचा एकही शब्द कवितेत नाही, तरी पहिली फेरी तीच जिंकते.

सध्या याच कवींपैकी जॉर्ज हर्बर्टची, पंखांच्या आकारात लिहिलेली 'ईस्टर विंग्ज' चालू आहे. ओळी आखडत मधोमध दोन शब्दांवर येतात, 'अत्यंत दीन' अशा अर्थाच्या, आणि पुन्हा पसरतात. 1633 च्या छापील प्रतीत ती आडवी छापली होती, पंख दिसावेत म्हणून. मोठ्यानं म्हणताना मात्र पंख कुठले दिसायला. त्या दोन शब्दांवर किती थांबायचं हे अजून ठरत नाहीये. कुणी म्हणून पाहिली असेल तर सांगा. यानंतर अँड्र्यू मार्व्हेलची 'टू हिज कॉय मिस्ट्रेस': गंगेकाठी माणकं वेचणारी ती आणि इंग्लंडातल्या हंबरकाठी कुरकुरणारा तो.