अकरा वाजताची सभा

"आमका आत बसूक देतत?" बांगडो साफ करता करता काकीने विचारलं, सुरी थांबली नाही. मालवणच्या मासळी बाजारात सहज बोलता बोलता मी म्हटलं होतं, नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत नारळी पौर्णिमेची तयारी आणि बाजारातल्या ओट्यांचा विषय येतोय.

देतात की काकी, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात सभा लोकांसाठी खुली असते, मागे बसून ऐकता येतं.

"अकराक? त्या टायमाक गिराईक कोण बघतलो?"

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपली की धंद्याला पुन्हा जोर येतो, त्यात ओटा, पाण्याचा निचरा, बर्फाची जागा हे सगळं तिच्या रोजच्या कमाईचं, आणि ठरतं मात्र नेमकं ती सुरी घेऊन बसलेली असताना.

एखादी सभा संध्याकाळी ठेवायची मागणी आपण सगळ्यांनी मिळून लेखी द्यायची का?