नव्वदवर सात महिने

काल शनिवारी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक, ९५ किलोचा निघाला. वय ४४, वजन ६२, त्यामुळे आकडा मिरवण्यासारखा नाही. तरी सविस्तर लिहितेय, कारण गेल्या जुलैपासून जानेवारी संपेपर्यंत मी ९० च्या पुढे गेले नाही, तिथेच चिकटले आणि चिकटवणारी मीच होते. दर शनिवारी मॅक्स मारायचे, म्हणजे एकदाच निघेल असं जास्तीत जास्त वजन.

वही काढून मोजलं. त्या सात महिन्यांत २५ शनिवारी मॅक्स मारलाय. पहिल्या पाचांत ८२.५ वरून ९० झालं आणि मी हवेत गेले. नंतरच्या वीस शनिवारांत ९० आठ वेळा निघाला, बारा वेळा तोही नाही. ९२.५ एकदाही नाही. एका शनिवारी ९२.५ घेऊन खाली बसले ती उठलेच नाही. बार रॅकच्या सेफ्टीवर, म्हणजे बार अडवणाऱ्या आडव्या दांड्यांवर, असा आदळला की वरच्या मजल्यावरचे वॉचमन काका जिना उतरून बघायला आले. आमची जिम कोथरूडमध्ये एका सोसायटीच्या तळघरात आहे, आवाज घुमतो. काका म्हणाले, "ताई, काही पडलं का?" म्हटलं, मीच.

आता त्या शनिवारचा हिशोब बघा. २० किलोवर दहा रेप (म्हणजे दहा वेळा), ४० वर पाच, ६० वर तीन, ७५ वर एक, ८५ वर एक, आणि मग ९२.५ ला आपटी. एकूण उचललेलं वजन ७४० किलो, त्यातले ७५ किंवा त्यावरचे रेप फक्त दोन. पायांना काम जवळजवळ शून्य, पण डोक्याचा आणि कमरेचा पार चुथडा. सोमवारी बेंचला (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा) हात थरथरायचे, बुधवारचा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलायचा) मी "आज जरा हलका घेते" म्हणत सोडून द्यायचे. म्हणजे एका मॅक्सपायी अर्धा आठवडा जायचा. याउलट ७२.५ वर चार-चारचे पाच सेट मारले तर वॉर्म-अप सोडून १४५० किलो होतात आणि घरी जिना चढताना कठडा धरावा लागत नाही.

हा चार-चारचा आकडा प्रिलेपिनच्या तक्त्यातून आला. सोव्हिएत वेटलिफ्टरांच्या सरावाच्या नोंदींवरून केलेला हा तक्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल: मॅक्सच्या ८० ते ८९ टक्क्यांना एका दिवशी एकूण १० ते २० रेप, ९० च्या वर गेलात तर ४ ते १०. तो स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या ऑलिंपिकमधल्या, बार डोक्यावर नेण्याच्या प्रकारांसाठी आहे, स्क्वॉटसाठी नाही, हे लक्षात ठेवूनच वापरायचा. पण मी शनिवारी ९० टक्क्यांच्या वर दोन-तीन प्रयत्न करत होते आणि ८० च्या पट्ट्यात माझा जेमतेम एक रेप होता, एवढं त्यातून स्वच्छ दिसलं.

जिममध्ये एक पोरगा आहे, त्याला ढोलवाला म्हणूया. तो लगेच म्हणाला, "पण काकू, बल्गेरियन रोज मॅक्स मारायचे." हे खरंच आहे. बल्गेरियाचा प्रशिक्षक इव्हान अबाजिएव्हच्या हाताखालचे लिफ्टर दिवसातून अनेकदा, मोजक्याच लिफ्ट आणि जवळजवळ मॅक्सपर्यंत जायचे. नाइम सुलेमानोग्लू त्याच मुशीतला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात त्याने ३४२.५ ची बेरीज केली, तोवर तो तुर्कस्तानकडून खेळायला लागला होता. पण त्याच सोलमध्ये बल्गेरियाचे दोन सुवर्णविजेते डोपिंगमध्ये सापडले आणि अख्खा संघ स्पर्धा सोडून गेला, हेही सांगायला हवं. शिवाय त्या मुलांना दुसरा उद्योग नव्हता: खाणं, झोपणं, उचलणं. मला मार्चअखेरीस ऑफिसात रात्री नऊ वाजतात. आणि स्नॅच चुकला तर बार पुढे-मागे टाकून मोकळं होता येतं. स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये चार-पाच सेकंद रेटत राहता येतं, तिथेच माणूस पिळून निघतो.

ढोलवाल्याला मी झात्सिओर्स्की या क्रीडाशास्त्रज्ञाने केलेला फरकही सांगितला. एक सरावातला मॅक्स, म्हणजे मन फारसं न पेटवता जे निघतं ते. दुसरा स्पर्धेतला, म्हणजे जीव पणाला लावून निघतो तो. रोज जवळ जायचं असेल तर पहिल्याच्या जवळ. मी दर शनिवारी मोठ्याने गाणी लावून, अमोनिया हुंगून दुसरा मागत होते. (अमोनियाची बाटली आता फ्रीजमागे आहे. नवऱ्याने एकदा चुकून उघडून वास घेतला, त्याचं वर्णन इथे नको.)

मग फेब्रुवारीत मी दुसऱ्या टोकाला गेले. मॅक्स बंद, जड सिंगलही (एकच रेप) बंद, तीन महिने फक्त पाच-पाच रेपचे सेट. शेवटी ७७.५ चे पाच सुरेख निघाले. मॅक्सचा अंदाज देणाऱ्या एप्लीच्या सूत्राने, म्हणजे वजन गुणिले (एक अधिक रेप भागिले तीस), मॅक्स ९०.४ आला. एप्रिलअखेर चाचणी घेतली: ८७.५ निघाला, ९० नाही. ताकद कमी नव्हती. झालं असं की रॅकमधून ९० उचलून मागे दोन पावलं टाकली आणि खांद्यावरचं ते ओझं अनोळखी वाटलं. श्वास छातीत घेतला, पोटात नाही. खाली जाताना गुडघे आत. जड सिंगल हे एक वेगळं कसब आहे, ते गिरवावं लागतं, हे मला त्या दिवशी पटलं. रडले नाही, पण पार्किंगमध्ये दहा मिनिटं स्कूटरवर नुसती बसून होते.

तर मे ते परवापर्यंतचा बारा आठवड्यांचा बेत असा. दर स्क्वॉटच्या दिवशी आधी एकच सिंगल, आरपीई (किती जड गेलं याचे दहापैकी गुण) ८ च्या वर नाही, म्हणजे अजून दोन रेप निघाले असते असं वाटायला हवं. ७५ पासून सुरू करून ८५ पर्यंत गेले. त्यानंतर वजन उतरवून चार-चारचे सेट. सिंगल सरावासाठी, सेट पायांसाठी. सिंगल वाईट गेला तरी पुन्हा मारायचा नाही. हा एक नियम मला सगळ्यात जड गेला.

जूनमध्ये पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालत गेले. दिवे घाट, ऊन, वर चपला नव्या. पुढच्या मंगळवारी ८० चा सिंगल आरपीई ९ वाटला, जो आधीच्या आठवड्यात ७ होता. जुन्या सवयीने मी त्या दिवशी मॅक्स मारला असता तर ताकद गेली असं समजून बसले असते. वहीत फक्त "पालखी" लिहिलं आणि ७० वर सेट मारून घरी आले. दोन आठवड्यांत ८० पुन्हा ७ वर आला. ढोलवाल्याचंही हेच. जुलैपासून पथकाचा सराव, तास-तास कमरेला ढोल. डेडलिफ्टला तो या दिवसांत १५ किलो कमी ओढतो आणि दरवर्षी घाबरतो.

बेंचची गोष्ट निराळी. माझा बेंच ४७.५. आमच्याकडे सगळ्यात लहान प्लेट १.२५ ची, म्हणजे उडी २.५ ची, सव्वापाच टक्के! स्क्वॉटमध्ये ही उडी पावणेतीन टक्के पडते. दर आठवड्याला बेंचचा मॅक्स वाढेल ही अपेक्षाच अडाणीपणाची होती. बोहरी आळीत जाऊन बारच्या पन्नास मिलिमीटरच्या टोकावर बसतील असे मोठे वॉशर आणले. दुकानदार विचारतो, कुठल्या मशीनला? म्हटलं, मलाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक साधारण ३०० ग्रॅम भरला. बाजूला दोन-दोन टाकले की १.२ किलो. आता बेंचचा जड सिंगल मी आठवड्यातून एकदा बिनधास्त घेते, कारण तो लवकर भरून निघतो.

डेडलिफ्ट मात्र उलट. बारा आठवड्यांत १०२.५ च्या वर, म्हणजे माझ्या ११५ च्या नव्वद टक्क्यांपलीकडे, एकदाही गेले नाही. दर पंधरा दिवसांनी जड तीन-तीन, बस. मामा शुक्रवार पेठेतल्या तालमीत जायचा. जोर-बैठका रोज, पण तिथली मोठी दगडी नाल तो रोज उचलत नसे. चार लोक बघायला असले की हात घालायचा. मला तेव्हा तो आळस वाटायचा.

कालची चाचणी स्पर्धेसारखी घेतली, प्रत्येकी तीन प्रयत्न. जिमचे सर बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी पुरेशी खाली जाते का ते बघत होते. स्क्वॉट ८५, ९२.५, ९५. तिसऱ्याला अर्ध्यावर बार थांबला, मला वाटलं गेलं, पण कोपर खाली ओढले आणि निघाला. बेंच ४८.७, वॉशरांसकट. डेडलिफ्ट १२०, आणि तो इतका सरळ आला की ढोलवाला "काकू, १२५ टाकू?" म्हणून प्लेट घेऊन उभाच. प्रयत्न तीनच, तिसरा झाला होता. नाही म्हटलं.

बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने क्लीन अँड जर्कमध्ये १३५ नंतर १३९ ला हात घातला आणि कोपर दुखावलं. रौप्य मिळालं, सोनं एका किलोने हुकलं. त्याने तो प्रयत्न घ्यायलाच हवा होता, कारण समोर पदक होतं. माझ्यासमोर तळघर आणि वॉचमन काका.

पुढचा मॅक्स नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ उतरल्यावर. गणपतीचे दहा दिवस जिम बंद, त्यामुळे बेत अकरा आठवड्यांचा होईल. मंगळवारी ७५ वर चार-चारचे पाच. सिंगल ८०.