तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्पोजलचे दुकान कसे मांडावे?

"माल सगळीकडे तोच असतो, मग तुमच्याकडे गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू चटकन कशी दिसते?" हा प्रश्न मला इंदुरात अनेकदा विचारला जातो. विचारणारे बहुधा डिस्पोजलचे, म्हणजे एकदाच वापरून टाकायच्या ताटल्या-चमच्यांचे, दुकान नव्याने घालणारे असतात, किंवा किराण्याच्या दुकानातली एखादी फळी लाकडी चमचे, कागदी कप आणि द्रोणांना देण्याचा त्यांचा विचार असतो. माझे उत्तर असे की, माल घाऊक बाजारातून ज्या क्रमाने येतो त्या क्रमाने तो कधीही लावू नये. चमच्यांचा एक खण, ताटल्यांचा दुसरा आणि कपांचा तिसरा ही मांडणी दुकानदाराच्या हिशेबाला सोयीची असते; घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र चमचा नसतो, त्याच्या घरचे कार्य असते.

चैत्रात रामबागेतल्या एखाद्या काकू येतात आणि म्हणतात, "अहो, पंचवीस बायका हळदीकुंकवाला येणार आहेत; आंब्याची डाळ आणि पन्हे द्यायचे आहे." त्यांना जे हवे ते एवढेच: डाळ मावेल असा लहान द्रोण, आखूड चमचा आणि पन्ह्यासाठी दीडशे मिलिलिटरचा पेला. या तीन वस्तू तीन खणांत असतील तर काकू द्रोण घेऊन निघतात आणि चमचे घरी पोहोचल्यावर आठवतात. म्हणून तिन्ही वस्तू एका फळीवर, शेजारीशेजारी ठेवाव्यात आणि वर ठळक अक्षरांत "हळदीकुंकू, प्रसाद" एवढेच लिहावे. भाद्रपदात त्याच फळीवर गणपतीच्या आरतीचा प्रसाद येतो, नवरात्रात कन्याभोजन. वाढदिवसाची फळी निराळी ठेवावी, कारण तिथे सात इंची ताटली, केक खाण्याचा काटा आणि आइस्क्रीमचा चपटा चमचा लागतो. भंडाऱ्याचा माल, म्हणजे पत्रावळी आणि मोठ्या ताटल्या, गठ्ठ्यानेच जात असल्यामुळे तो खाली जमिनीलगतच्या फळीवर असला तरी चालतो. तो घेणारा वाकून पाहायला तयार असतो.

पाकिटावर किंमत छापलेली असतेच, परंतु पाहुणे मोजून आलेल्या माणसाला नगांची संख्या आधी हवी असते. पन्नास आणि शंभर नगांची पाकिटे लांबून सारखीच दिसतात, म्हणून फळीच्या कडेला नगांची संख्या किमतीपेक्षा मोठ्या आकड्यात लिहावी.

सर्वांत जास्त लक्ष नमुन्याकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे चमचे, काटे, सुऱ्या, ताटल्या, कप आणि पेले देशभर बंद झाले. आता रांगेतले सगळे चमचे फिक्या लाकडी रंगाचे असतात, आणि बंद पाकिटातून चांगला कोणता व खरबरीत कोणता हे ओळखता येत नाही. काउंटरवर प्रत्येक जातीचा एक चमचा सुटा ठेवावा आणि गिऱ्हाइकाला त्याच्या कडेवरून बोट फिरवू द्यावे, कारण कडेची कुसळे ओठाला लागतात. चमचा थोडा वाकवूनही पाहू द्यावा. ताटलीची परीक्षा वेगळी असते. छप्पन दुकानची खाऊगल्ली असो की सराफा बाजारात रात्री खायला जमणारी गर्दी, इंदुरी माणूस उभ्याने खातो आणि ताटली एका हातात धरतो. म्हणून ठेलेवाल्याला नमुन्याच्या ताटलीवर काहीतरी वजन ठेवून ती एका कडेने उचलायला सांगावे. जी ताटली मध्येच दबते, तिच्यात साबुदाण्याची खिचडी देता येत नाही. हाताळलेले नमुने रोज संध्याकाळी टाकून द्यावेत. ती किंमत मांडणीच्या खर्चात धरावी.

पाट्यांवरची भाषा जपून वापरावी. "पर्यावरणपूरक" असे प्रत्येक फळीवर लिहिण्याची हौस मला पटत नाही. आपल्या शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावा लागत असल्यामुळे गिऱ्हाईक "हे कशाचे आहे?" असे थेट विचारतो, आणि पाटीने त्याचेच उत्तर द्यावे: लाकूड, उसाचे चिपाड, सुपारीच्या झावळीचे आवरण, कागद. कागदी कपाला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तेव्हा त्यावर "प्लॅस्टिकमुक्त" लिहिणे खोटे ठरते. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, प्लॅस्टिकचा माल ठेवायचा असेल तर त्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे की नाही हे आधी पाहावे आणि तो माल इतरांत न मिसळता स्वतंत्र ठेवावा.

उंचीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही: हलके कप वर, जड गठ्ठे खाली, आणि ज्याच्यावर चार पैसे जास्त सुटतात तो माल डोळ्यांसमोर. हे कोणत्याही दुकानाला लागू आहे.

किराणावाल्यांना मात्र एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. कागद, लाकूड आणि चिपाड हे तिन्ही पदार्थ वास ओढून घेतात. अगरबत्ती, कापूर किंवा कपड्यांच्या साबणाशेजारी महिनाभर राहिलेल्या कपातून चहा पिणाऱ्याला तो वास पहिल्याच घोटात जाणवतो, आणि तक्रार चहावाल्याकडे जाते. पावसाळ्यात हाच माल दमटपणाही शोषतो व त्यावर बुरशी धरते; म्हणून आषाढ लागण्यापूर्वी तो भिंतीपासून हातभर पुढे ओढावा, खाली फळकुटे टाकावीत आणि फोडलेल्या पाकिटाचे तोंड चिकटपट्टीने बंद करूनच ते फळीवर परत ठेवावे.